हिरव्या प्रकाशाची साक्ष

प्राणवायूला आपल्या भाषेने प्राणाचेच नाव दिले आहे, आणि ते योग्यच आहे. चार-पाच मिनिटे तो मिळाला नाही तर मेंदूला इजा होऊ लागते. पण लोखंडाला गंज चढवतो तो हाच, डब्यातले तेल खवट करतो तो हाच, आणि कापून ठेवलेली सफरचंदाची फोड तांबूस करतो तोही हाच. मग आपल्या शरीराच्या आत, जेथे तो अष्टौप्रहर खेळत असतो, तेथे त्याचे काय चालते? तेथेही थोडा गंज चढत असेल का?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनी गंभीरपणे विचारला तो गेल्या शतकाच्या मध्यावर. 1954 साली रिबेका गर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचवले, की दाबाखालचा प्राणवायू आणि क्ष-किरण हे दोन्ही शरीराला एकाच मार्गाने इजा करतात. 1956 साली डेनम हारमन यांनी म्हातारपणाचा संबंधही त्याच मार्गाशी जोडला. तरी हा बराच काळ अंदाजच राहिला. 1969 मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी एका विकराचे, म्हणजे एंझाइमचे, काम शोधून काढले. शरीरात तयार होणाऱ्या एका उग्र प्राणवायू-रूपाचा निकाल लावणे, हे ते काम. ज्या घरात विंचू धरायचा चिमटा खुंटीला टांगलेला आहे, त्या घरात विंचू निघत असले पाहिजेत, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तेव्हापासून या विंचवांचा शोध जोरात सुरू झाला.

त्यांची ओळख आधी करून घेऊ. श्वासातून आलेल्या प्राणवायूच्या प्रत्येक रेणूला पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये चार इलेक्ट्रॉन मिळतात आणि त्याचे पाणी होते. हा व्यवहार बहुतेक वेळा चोख होतो. पण मधेच कोठे एखादा इलेक्ट्रॉन गळतो, आणि प्राणवायूच्या पदरात चाराऐवजी एकच पडतो. हे झाले सुपरऑक्साइड. दोन मिळाले तर हायड्रोजन पेरॉक्साइड. हे आपल्या ओळखीचे आहे. जखमेवर ओतले की फेस येतो तेच. या पेरॉक्साइडची गाठ मोकळ्या लोहाशी पडली तर त्यातून हायड्रॉक्सिल नावाचे तिसरे रूप निघते. लोह आणि पेरॉक्साइड यांच्या या जोडीचा जोर हेन्री फेंटन यांनी 1894 सालीच नोंदवला होता. हायड्रॉक्सिलचे आयुष्य सेकंदाच्या अब्जाव्या भागाएवढे, आणि तेवढ्या वेळात जे शेजारी सापडेल त्याला ते डसते. पेरॉक्साइड त्या मानाने सौम्य आहे. ते पेशीत काही अंतर हिंडते, आणि योग्य प्रमाणात असले तर निरोप्याचे कामही करते. तेव्हा या साऱ्यांना एकाच नावाने हाक मारणे सोयीचे असले तरी तिघांचे स्वभाव तीन आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता यांना पाहायचे कसे? पेशीचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तिच्या आत पेरॉक्साइडचे नेहमीचे प्रमाण इतके अल्प, की पेशीतल्यासारखे एक लिटर पाणी जमवले तर त्यात ते ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास निघावे. पेशी फोडून तपासावी, तर फोडताच आतला सारा हिशोब बदलतो. म्हणून पेशी जिवंत असतानाच आत काय चालले आहे हे पाहण्याची युक्ती हवी होती. ती युक्ती प्रकाशाने दिली.

काही द्रव्ये एका रंगाचा प्रकाश पितात आणि दुसऱ्या रंगाचा प्रकाश लगेच बाहेर टाकतात. याला अनुदीप्ती म्हणतात. इंग्रजी नाव फ्लुओरेसन्स. ते नाव 1852 साली जॉर्ज स्टोक्स यांनी दिले. बँकेतला कॅशियर नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो तेव्हा तिच्यावरचे आकडे आणि कागदातले बारीक धागे चमकून उठतात, ती अनुदीप्तीच. हिचा मोठा गुण असा, की अंधाऱ्या पार्श्वभूमीवर थोडासा प्रकाशही नजरेत भरतो. अमावस्येच्या रात्री पलीकडच्या डोंगरावरची एकच पणती दिसावी, तसे. पेशीत अशी पणती ठेवता आली, आणि प्राणवायूच्या उग्र रूपाशी गाठ पडल्यावरच ती पेटेल अशी सोय करता आली, म्हणजे काम झाले. अशा पणतीला इंग्रजीत प्रोब म्हणतात. आपण तिला शोधक रंग म्हणू.

ही सोय कशी केली ते समजायला नीळ रंगवणारा रंगारी उपयोगी पडेल. त्याच्या रांजणातली नीळ निळी नसते. तिला हायड्रोजनची जोड मिळालेली असल्यामुळे ती फिकट, पिवळसर-हिरवट असते. कापड रांजणातून वर काढून हवेत धरले, की प्राणवायू ती जोड काढून घेतो आणि कापड पाहता पाहता निळे होते. जर्मन रसायनज्ञ आडोल्फ फॉन बायर यांना 1905 साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्याला नीळ व इतर सेंद्रिय रंगांवरचे त्यांचे कामही कारण होते. त्याच बायर यांनी 1871 साली फ्लुओरेसीन नावाचा, हिरवा प्रकाश टाकणारा रंग तयार केला होता. या फ्लुओरेसीनच्या एका भावंडाला नीळीप्रमाणेच हायड्रोजन जोडून निस्तेज करता येते. मग एखाद्या उग्र द्रव्याने तो हायड्रोजन हिरावून घेतला, की त्याचा हिरवा प्रकाश परत येतो. 1965 साली केस्टन आणि ब्रँट यांनी अशाच निस्तेज रंगाचा उपयोग पेरॉक्साइडचे अत्यल्प प्रमाण मोजण्यासाठी केला. त्याचे पूर्ण नाव लांबलचक आहे. प्रयोगशाळेत सारे त्याला डीसीएफ या आद्याक्षरांनीच ओळखतात.

पेशीत शिरण्यासाठी या रंगाला दोन टोप्या घातलेल्या असतात. त्या टोप्यांमुळे तो पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहज आत जातो. आत गेल्यावर पेशीचीच विकरे त्या टोप्या उतरवतात, आणि मग त्याला पूर्वीइतक्या सहजपणे बाहेर पडता येत नाही. पाहुणा आत आला, जोडे बाहेर राहिले, आता बसणे भाग आहे. 1983 पर्यंत हा रंग जिवंत पांढऱ्या पेशींत घालून, एकेका पेशीचा प्रकाश यंत्राने मोजण्याची रीतही प्रसिद्ध झाली. कृती सोपी, खर्च बेताचा, आणि चित्र मोठे देखणे. काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या पेशी! जगभरच्या प्रयोगशाळांनी तिचा स्वीकार केला. आपल्याकडील महाविद्यालयांतून जीवरसायनाचे विद्यार्थीही ती करतात. पेशीत हिरवे वाढले, म्हणजे प्राणवायूचा उपद्रव वाढला. एखाद्या पाल्याचा अर्क घातल्यावर हिरवे कमी झाले, म्हणजे तो अर्क गुणकारी. अनुमान सरळ दिसते.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. तेव्हा अनुमानाची गोष्ट निघाली की जरा थांबणे मला भाग आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणून तेथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्राचे जुने उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्या नैयायिकांनी त्याच्यापुढे जाऊन दोन सावधगिरीच्या सूचना दिल्या आहेत. पहिली, धूर म्हणून जे दिसते ते धुके किंवा धूळ नाही याची खात्री करा. दुसरी, धूर तेथे अग्नी असला, तरी अग्नी तेथे धूर असतोच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, पण धूर नाही. कारण धूर निघायला ओले सरपण लागते. या मधल्या अटीला ते उपाधी म्हणतात. आपल्या हिरव्या प्रकाशाला या दोन्ही सूचना लावून पाहू.

आधी ओल्या सरपणाची गोष्ट. हा निस्तेज रंग आणि पेरॉक्साइड नुसते एकत्र ठेवले तर प्रकाश जवळजवळ पडतच नाही. मधे कोणीतरी मध्यस्थ लागतो: एखादे पेरॉक्सिडेज जातीचे विकर, मोकळे लोह, किंवा तंतुकणिकेतून बाहेर पडलेले सायटोक्रोम-सी. आता गंमत पाहा. पेशी मरणाच्या वाटेवर लागली की सायटोक्रोम-सी बाहेर पडते. म्हणजे पेरॉक्साइड होते तेवढेच राहून केवळ मध्यस्थ वाढला, तरी हिरवे वाढेल. आणि मध्यस्थ नसला, तर पेरॉक्साइड असूनही पेशी अंधारी राहील. अग्नी तोच, सरपण बदलले, आणि धूर कमीजास्त झाला.

आता धुक्याची गोष्ट. या रंगातला पहिला हायड्रोजन गेला की मधली एक अर्धवट अवस्था येते. ही अवस्था प्राणवायूला आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकते आणि त्याचे सुपरऑक्साइड बनवते. त्यातून पुढे पेरॉक्साइड होते, आणि ते आणखी रंग पेटवते. म्हणजे चोराच्या मागावर पाठवलेला शिपाई वाटेत स्वतःच दोन चोऱ्या करतो आणि त्यांचीही नोंद वहीत लिहून आणतो. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहताना जो निळा प्रकाश तिच्यावर सोडावा लागतो, त्याच्यानेही हा रंग थोडाथोडा पेटत जातो. अधिक वेळ पाहाल तर अधिक हिरवे दिसेल.

पाल्याच्या अर्काची कथाही तशीच. अर्काला स्वतःचा रंग असतो. तो हिरवा प्रकाश मधल्यामधे पिऊन टाकू शकतो. अर्कातली द्रव्ये मधल्या मध्यस्थाला अडवू शकतात. चहात असतात त्या जातीची काही द्रव्ये तर पेशी वाढवण्याच्या द्रवात मिसळली, की स्वतःच पेरॉक्साइड तयार करतात, हेही दाखवले गेले आहे. तेव्हा हिरवे कमी झाले एवढ्यावरून गुण सिद्ध होत नाही. अर्क निरुपयोगी आहे असेही त्यावरून ठरत नाही. साक्षीदाराची उलटतपासणी अजून झालेली नाही, एवढाच याचा अर्थ.

मग या मार्गाचा नाद सोडावा काय? मुळीच नाही. शास्त्रज्ञांनी दुसरे, अधिक नेमके साक्षीदार शोधले. सुपरऑक्साइडसाठी हायड्रोइथिडीन नावाचा रंग वापरात होताच. तो पेशीत लाल प्रकाश देतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे बी. कल्याणरामन यांच्या प्रयोगशाळेने 2003 साली दाखवले, की सुपरऑक्साइडशी गाठ पडल्यावर यापासून एक विशिष्ट लाल द्रव्य तयार होते, आणि इतर कारणांनी दुसरेच लाल द्रव्य तयार होते. डोळ्याला दोन्ही लालच. तेव्हा नुसते लाल पाहून भागत नाही. दोन्ही द्रव्ये वेगळी करून मोजावी लागतात. 2004 साली बर्कली येथे ख्रिस्टोफर चँग यांच्या गटाने बोरॉनची कडी घातलेला रंग केला. पेरॉक्साइड ती कडी तोडते आणि रंग उजळतो. येथे मध्यस्थ लागत नाही. मात्र तीच कडी पेरॉक्सीनायट्राइट नावाचे दुसरे एक उग्र द्रव्य सुमारे दहा लाखपट वेगाने तोडते. म्हणून या साक्षीदारालाही, तू नेमके कोणाला पाहिलेस, असे विचारावेच लागते.

याहून वेगळी वाट रशियातील शास्त्रज्ञांनी धरली. समुद्रातल्या एका जेलीफिशच्या अंगात चमकणारे हिरवे प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी 1962 साली नोंदवले होते. त्या जातीच्या, पिवळा प्रकाश देणाऱ्या प्रथिनाला व्सेवोलोद बेलोउसोव, सर्गेई लुक्यानोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली एका जिवाणूच्या, पेरॉक्साइड नेमके ओळखणाऱ्या प्रथिनात बसवले. या जोडप्रथिनाचे नाव हायपर. त्याचा मजकूर जनुकाच्या रूपाने पेशीत दिला, की पेशी आपला साक्षीदार आपणच घडवते. पेरॉक्साइड आले की त्याचा प्रकाश बदलतो, आणि ते गेले की हळूहळू पूर्ववत होतो. म्हणजे येणे आणि जाणे दोन्ही कळते. यातही एक खोड होती: पेशीतली आम्लता बदलली तरी प्रकाश बदलायचा. म्हणून पेरॉक्साइड ओळखू न शकणारा, पण आम्लतेला तसाच प्रतिसाद देणारा जुळा भाऊ तुलनेसाठी सोबत ठेवू लागले, आणि 2020 मध्ये ही खोड जवळपास नाहीशी केलेला नवा प्रकारही आला.

नेमका साक्षीदार मिळाल्यावर काय साधते, त्याचे एक उदाहरण सांगतो. झेब्रा मासा हा मूळचा आपल्याच उपखंडातला, बोटाच्या पेराएवढा, अंगावर पट्टे असलेला मासा. त्याची पिल्ले काचेसारखी पारदर्शक असतात. अमेरिकेतील हार्वर्ड येथे फिलिप नीटहामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली अशा पिल्लांत हायपर भरून शेपटीच्या टोकाला छोटी जखम केली. सुमारे तीन मिनिटांत जखमेच्या कडेला पेरॉक्साइड वाढू लागले, सुमारे वीस मिनिटांनी शिखरावर पोहोचले, आणि आत मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपर्यंत उतरत्या प्रमाणात पसरले. पांढऱ्या पेशी जखमेपाशी आल्या त्या यानंतर. तोपर्यंत समजूत अशी होती, की जखमेतले पेरॉक्साइड म्हणजे पांढऱ्या पेशींनी सोडलेले अस्त्र. येथे दिसले ते उलट: कातडीच्या पेशींनीच ते आधी सोडले, आणि पांढऱ्या पेशी त्या हाकेला ओ देऊन आल्या. ज्याला आपण नुसता विंचू समजत होतो तो दवंडी पिटणारा निघाला. हे केवळ प्रकाशामुळे समजले, आणि प्रकाश कोणाचा हे पक्के ठाऊक होते म्हणून समजले.

आता परदेशातून आपल्या घरी येऊ. काही मुलांना अगदी लहानपणापासून वारंवार गळवे होतात, फुप्फुसांना बुरशीची बाधा होते, क्षयाच्या प्रतिबंधासाठी टोचलेल्या बीसीजी लशीनेही काखेतली गाठ सुजते. अशा काही मुलांच्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, पण गिळल्यावर सुपरऑक्साइडचा जो मारा करायचा तो त्यांना करता येत नाही. ते तयार करणारे विकर जन्मतःच सदोष असते. या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. म्हणजे प्राणवायूची ही उग्र रूपे शरीरात मुळीच नसती तर काय झाले असते, याचे उत्तर ही मुले सोसत असतात. त्यांच्या निदानासाठी डायहायड्रोरोडामीन नावाचा, डीसीएफसारखाच निस्तेज केलेला शोधक रंग वापरतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्थेत ही तपासणी होते. थोडेसे रक्त पुरते. पांढऱ्या पेशींना एका द्रव्याने डिवचायचे, आणि हजारो पेशी एकामागून एक यंत्रातील प्रकाशापुढून सोडायच्या. निरोगी माणसाच्या पेशी उजळतात; आजारी मुलाच्या अंधाऱ्याच राहतात.

आईचे रक्त तपासले तर कधी कधी एक विलक्षण गोष्ट दिसते. या आजाराच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारात दोष एक्स गुणसूत्रावर असतो. स्त्रीकडे अशी दोन गुणसूत्रे असतात, आणि तिच्या प्रत्येक पेशीत त्यातले एकच जागे असते, हे मेरी लायन यांनी 1961 साली मांडले. त्यामुळे दोष वाहणाऱ्या आईच्या काही पेशी उजळतात आणि काही अंधाऱ्या राहतात. आलेखावर दोन वेगळे डोंगर उभे राहतात. पुढच्या बाळाचा विचार करणाऱ्या कुटुंबाला हे आधी कळणे किती मोलाचे आहे, हे सांगायला नको. आणि निदान वेळेवर झाले, तर जंतू आणि बुरशी यांना रोखणारी औषधे नियमित देता येतात. काहींना अस्थिमज्जेचे रोपणही करता येते.

येथेही नैयायिकाची दुसरी सूचना विसरून चालत नाही. या रंगालाही मध्यस्थ लागतो, आणि पांढऱ्या पेशीत तो मायलोपेरॉक्सिडेज नावाचा असतो. काही माणसांत हा मध्यस्थच जन्मतः नसतो. त्यांच्या पेशी सुपरऑक्साइड व्यवस्थित बनवतात, त्यांची प्रकृतीही बहुधा ठणठणीत असते, पण या तपासणीत त्या फिक्या दिसतात. अग्नी आहे, ओले सरपण नाही. जाणता डॉक्टर अशा वेळी मध्यस्थावाचून चालणारी दुसरी तपासणी करतो. त्यात सुपरऑक्साइड एका पिवळसर द्रव्याला थेट गडद निळे करते. दोन साक्षी ताडून पाहिल्याविना तो एखाद्या कुटुंबाला गंभीर आजाराचे नाव सांगत नाही.

प्रयोगशाळांकडूनही आज हीच अपेक्षा आहे. 2022 साली मायकेल मर्फी आणि अनेक देशांतील या विषयाच्या जाणकारांनी मिळून नेचर मेटाबॉलिझम या नियतकालिकात मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांचे सार थोडक्यात असे: उग्र प्राणवायू असे मोघम बोलू नका, शक्य तेथे कोणते रूप ते सांगा, तुमचा रंग नेमका कोणाशी आणि कसा संयोग पावतो ते जाणून घ्या, आणि एकाच साक्षीवर निकाल देऊ नका.

श्रोतेहो, आपल्यापैकी फार थोड्यांना कधी या सूक्ष्मदर्शकात डोकावण्याचा प्रसंग येईल. पण वर्तमानपत्रात, औषधाच्या डबीवर, सरबताच्या बाटलीवर अँटिऑक्सिडंट हा शब्द आपण रोज वाचतो, आणि त्यामागे पुष्कळदा कोठल्यातरी पेशीतला कमी झालेला हिरवा प्रकाश पुरावा म्हणून उभा केलेला असतो. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. तो प्रकाश कशामुळे पडला होता? आणि दुसऱ्या कोणी साक्ष दिली आहे काय? परळच्या प्रयोगशाळेत एका मुलाच्या रक्ताबद्दल जी काळजी घेतली जाते, ती आपल्या घरातल्या बाटलीबद्दल आपणही घ्यावी, एवढेच सांगायचे होते.